डेम्लो संख्या काढताना अकराव्या ओळीला उत्तर उणे आलं, काहून?

तर्री_पोहा: मी नागपुरात आठवीला गणित शिकवते. शाळा उघडायच्या आत भिंतीवर लावायला गणिती कापरेकर गुरुजींच्या डेम्लो संख्यांचा मनोरा करून राहिली आहे. १, ११, १११ यांचे वर्ग म्हणजे १, १२१, १२३२१, असं चढत जातं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी घेतली, तिच्या अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, एकांच्या संख्या भरल्या आणि एकदमच वर्ग केला. नववी ओळ १२३४५६७८९८७६५४३२१, काय देखणी! दहावीत १२३४५६७९००९८७६५४३२१ आलं. शिखर मोडलं, पण ते हातच्यामुळे, एवढं कळतं. अकरावीला −५६७०४१८३९४९७९२०६९९१! वर्ग उणा? एरर नाही, वॉर्निंग नाही. कूलरसमोर बसून दोन तास घालवले. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता गुरुजींनी हे कागदावर केलं, अन् माझ्याकडे लॅपटॉप असून ही गत. लायब्ररीत बग आहे का?

बर्डीवाला: बग नाही ताई, ओव्हरफ्लो आहे, म्हणजे संख्या जागेत मावत नाही. तुमच्या अ‍ॅरेतला पूर्णांक ६४ बिटचा, म्हणजे ६४ शून्य-एकांच्या जागेचा. त्यात जास्तीत जास्त ९२२३३७२०३६८५४७७५८०७ मावते, म्हणजे १९ अंक. अकरावी ओळ १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, २१ अंकी. वरचे बिट गळतात, उरलेल्यातला सगळ्यात वरचा बिट चिन्हाचा, तो १ निघाला की संख्या उणे. अ‍ॅरेचं गणित करताना नमपाय हे सांगत बसत नाही, वेगासाठी. डीटाइप, म्हणजे अ‍ॅरेतल्या आकड्यांचा प्रकार, ऑब्जेक्ट ठेवा. नाहीतर पायथनची साधी लिस्ट घ्या, त्याच्या स्वतःच्या पूर्णांकाला मेमरी पुरेल तोवर मर्यादा नाही. अकरा ओळींना नमपाय कशाला लागते, खरं तर?

तर्री_पोहा: ऑब्जेक्ट केलं ना भाऊ, तरी तोच आकडा!

बर्डीवाला: वर्ग केल्यावर बदललं असेल. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग? अ‍ॅरे बनवतानाच द्या.

हिंगणा_रोड: शाळेच्या लॅबमध्ये विंडोज आणि जुनी नमपाय असेल तर अजून गंमत. पहिल्या सहाच ओळींचा अ‍ॅरे करा, सहावीलाच −५३९२४७५६७ येईल. तिथे आपोआप ३२ बिट धरायची. २.० पासून ६४ झालं.

तर्री_पोहा: अ‍ॅरे बनवतानाच दिलं, निघालं! लॅबमध्येही बघते. भिंतीवर नऊच ओळी लावते, दहावीतला हातचा पोरांकडूनच करून घेईन. ती उणी ओळ मात्र खाली पेन्सिलने लिहून ठेवते. कोण पहिले बोट ठेवते, पाहू.