वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली, प्रार्थना करून थांबायचं की काही करायचं?

प्रभूची स्तुती असो. बाबा गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली, पण तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे, कपाटात कपडे ठेवतच नाही. बायको आणि तिच्यात दिवसदिवस अबोला असतो, मुलं पण गप्प झालीत. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात देवावर सोड. मी रोज प्रार्थना करतो पण स्वतःहून काही करायला गेलो तर विश्वास कमी पडतोय असं होतं का?

उत्तर १: अजिबात नाही भाऊ. बायबलमधलं नहेम्या ४:९ वाचा, नहेम्या आणि त्याच्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारापण ठेवला, दोन्ही एकाच वचनात आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात तर प्रभू येशूने वधस्तंभावर असताना आपल्या आईची सोय लावली, तिला शिष्याच्या हाती सोपवलं. मग तुम्ही आईसाठी धडपड केली तर त्यात अविश्वास कुठला?

उत्तर २: सहमत. फक्त दादा, वहिनींशी आधी एकट्याने बोला, आईसमोर नको. घर त्यांचंही बदललंय ना. आणि आईंना विचारा की कपाटाचा कुठला कप्पा हवाय, त्यांच्या हातात एखादं काम द्या, पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका. त्या बाबांसाठी रडत असतील तर रडू द्या, लगेच वचन सांगायला जाऊ नका.

प्रश्नकर्ता: खूप आभार दोघांचे, मन हलकं झालं. आज रात्री बायकोशी बोलतो, प्रार्थनेत आठवण ठेवा.