एकाच बॅचची बिअर, पण चव बाटलीगणिक वेगळी

प्रश्न: घरी २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) बनवली. बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घातली. तीन आठवड्यांनी काही बाटल्या सपक (गॅसच नाही), काही उघडताच उतू जातात, दोन-तीन आंबट. कुठं चुकतंय?

उत्तर १: चमच्याचं माप कधीच सारखं येत नाही. १२० ग्रॅम साखर २५० मिली पाण्यात उकळून, गार करून रिकाम्या बादलीत ओता. नळी तळाला टेकवून बिअर त्यावर सोडा, निर्जंतुक पळीने हलकेच ढवळा. खळखळाट अजिबात नको. हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

उत्तर २: आंबटपणा साखरेचा नाही, तो जंतूंचा संसर्ग. त्या बाटल्यांच्या मानेला आतून पांढरट कडं दिसतं का बघा. बादलीचा नळ सुटा करून धुता ना? घाण तिथंच साचते.

उत्तर ३: शेवटच्या बाटल्यांत गाळ जास्त उतरतो. त्यांच्या झाकणांवर खूण करा.