गाण्यावरचा हक्क राखणे हा गीतलेखनाचा भाग की निव्वळ व्यवहार?

रेवा: अमेरिकी गायिका-गीतकार डॉली पार्टनने 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गीत पोर्टर वॅगनर या ज्येष्ठ सहकलाकाराचा निरोप घेताना लिहिले, कारण त्याच्या कार्यक्रमातून बाहेर पडून तिला स्वतःची वाट धरायची होती. पुढे एल्विस प्रेस्ली ते गाणार असे जवळजवळ ठरले असताना त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्काचा, म्हणजे शब्द आणि चाल यांच्या हक्काचा, निम्मा वाटा मागितला आणि तिने नकार दिला. स्वतंत्र होण्यासाठी लिहिलेले गाणेच दुसऱ्याच्या हवाली करणे विसंगत ठरले असते. म्हणून हक्क राखणे हा मला गीतलेखनाचाच भाग वाटतो.

हेमंत: रेवाताई, तो नकार मलाही आदरणीय वाटतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. १९७४ मध्ये ते गीत पार्टनच्याच आवाजात अमेरिकेतल्या कंट्री या लोकधाटणीच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. नाही म्हणण्याची ऐपत तिच्याकडे होती. शान्ता शेळके यांनी संगीतकारांनी बांधलेल्या चालींवर शब्द लिहिले, काही गीते तर 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने दिली. चाल दुसऱ्याची आणि नावही आपले नाही, तरी त्या ओळींतली आर्तता उणावलेली नाही.

वसुधा: चालीचे बंधन आणि हक्काचा अभाव यांची तुम्ही गल्लत करत आहात, हेमंतराव. चालीचे बंधन कवयित्री आपणहून स्वीकारते आणि पुष्कळदा त्यातूनच तिला नवे शब्द सुचतात. प्रश्न अखेरचा निर्णय कोणाचा, हा आहे. ब्रिटिश गायिका-गीतकार केट बुशचे पहिले गाणे कोणते प्रसिद्ध करावे याविषयी कंपनीचे मत वेगळे होते. तिने आपल्याच निवडीचा आग्रह धरला आणि १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९८३ च्या सुमारास तिने कुटुंबाच्या घराजवळ स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळावर भाडे मोजणाऱ्या स्टुडिओत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा तपासून पाहता येत नाही. १९८५ च्या 'हाउंड्स ऑफ लव्ह' या तिच्या अल्बममध्ये त्या मोकळ्या वेळेचा परिणाम ऐकू येतो, असे मी ठामपणे म्हणेन.

हेमंत: पण तो स्टुडिओही आधीच्या यशामुळेच शक्य झाला. २०१९ मध्ये अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टची जुनी ध्वनिमुद्रणे, ती ज्या कंपनीच्या मालकीची होती त्या कंपनीबरोबरच विकली गेली, तेव्हा तिने २०२१ पासून त्यांतले चार अल्बम पुन्हा गाऊन प्रसिद्ध केले. एवढा चाहतावर्ग नसलेल्या नवख्या गीतकार मुलीला हा मार्ग कुठे आहे?

रेवा: ते अल्बम पुन्हा गाता आले, कारण गीते तिने स्वतः लिहिली होती, ध्वनिमुद्रण विकले गेले तरी शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा उरतो. नवख्या मुलीच्या ऐपतीचा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि म्हणूनच २०१२ ची आपल्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील दुरुस्ती मला मोलाची वाटते. चित्रपटगृहाबाहेर गीत वाजते तेव्हा मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा आता निर्मात्याला करारातून लिहून घेता येत नाही, मग ती गीतकार कितीही अपरिचित असो.