फ्लॉक्युलेटरसाठी संथ मिक्सर कोणता घ्यावा? (ताशी ६० घनमीटर, आर्वी तालुका)

नदीकाठचा_ऑपरेटर
नमस्कार मंडळी. आमची प्रादेशिक नळयोजना वर्धा नदीवर आहे. पावसाळा लागला की काळ्या मातीचं पाणी येऊन राहतं, तुरटी वाढवली तरी फिल्टर दोन-तीन तासांत चोक. फ्लॉक्युलेशन टाकी (तुरटी टाकल्यावर गाळाचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, बनतात ती) ३० घनमीटरची, आवक ताशी ६० घनमीटर. जुना पॅडलवाला गिअरबॉक्स बसला, दुरुस्त होत नाही म्हणतात. आता दोन कोटेशन आली आहेत. एक २ एचपीचा वरून बसवायचा मिक्सर, १४४० आरपीएम, ३० सेंटीमीटरचा पंखा, स्वस्त. दुसरा गिअर मोटरवर २ मीटर व्यासाची पॅडल, किंमत जवळपास तिप्पट. समितीचं मत स्वस्ताकडे आहे. काय करावं?

जुना_फिटर_वर्धा
भाऊ, पयला वाला घेऊच नका. तो रासायनिक द्रावण कालवायले ठीक हाय. फ्लॉकच्या टाकीत सोडला तर बनलेला फ्लॉक जागीच फोडते. ताक घुसळून लोणी येते म्हणून कोणी मिक्सरच्या भांड्यात गरगर फिरवत नाही, तसंच हाय हे. एचपी पाहू नका, फेरे पाहा.

प्रयोगशाळावाली
फिटरदादांचं बरोबर आहे, त्यात आकडे घालते म्हणजे समितीपुढे ठेवता येतील.

तुरटी टाकल्यावर दोन वेगवेगळी कामं असतात. पहिलं जोरात, ३० ते ६० सेकंद, तुरटी सगळीकडे पसरावी म्हणून. दुसरं संथ, साधारण अर्धा तास, बारीक कण एकमेकांना भिडून पुंजका व्हावा म्हणून. ढवळण्याची तीव्रता ‘जी’ या आकड्यात मोजतात. संथ टप्प्यात तो साधारण २० ते ७५ असावा लागतो, झटपट टप्प्यात ३०० च्या वर. पॅडलच्या टोकाचा वेग सेकंदाला पाव ते पाऊण मीटर. आता तुमचा ३० सेंटीमीटरचा पंखा १४४० फेऱ्यांनी फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या वर जातो. दोन मीटरच्या पॅडलला अर्धा मीटर वेग हवा असेल तर मिनिटाला ५ फेरे पुरतात.

शक्तीही बघा. जी ४० धरला तर तुमच्या ३० घनमीटर पाण्याला लागते जेमतेम ४० वॅट. म्हणजे एका बल्बइतकी. बाकी सगळं गिअरबॉक्समध्ये जातं. १४४० वरून ५ वर यायचं म्हणजे जवळपास ३०० ला १, पैसे त्याचेच मोजायचे असतात.

नदीकाठचा_ऑपरेटर
ताई, ४० वॅट हा आकडा सरपंचांना सांगितला तर विश्वासच बसणार नाही. पण वीज आमच्याकडे तासन्‌तास जाते, त्यामुळे मोटर नकोच असाही एक विचार आहे. बॅफल, म्हणजे पाणी नागमोडी फिरवणाऱ्या आडभिंती, टाकता येतील का?

प्रयोगशाळावाली
येतील. तेच ४० वॅट पाण्याच्या उतारातून काढायचे तर साधारण २५ सेंटीमीटरचा फरक लागतो, टाकीच्या तोंडापासून शेवटापर्यंत. तेवढी उंची तुमच्याकडे आहे का ते आधी मोजा.

दुसरी अडचण तुमच्या आकाराची. वेग सेकंदाला १५ सेंटीमीटर धरला आणि पाण्याची खोली एक मीटर ठेवली, तर दोन भिंतींमधली फट ११ सेंटीमीटर येते. मोठ्या केंद्रांत एवढी अरुंद फट ठेवत नाहीत, कारण गाळ काढायला हातसुद्धा जात नाही. म्हणून पक्की भिंत बांधू नका. खाचांत सरकवलेल्या एफआरपीच्या (फायबर प्लास्टिकच्या) पट्ट्या करा, उपसून धुता येतात. सुरुवातीच्या फटी थोड्या अरुंद, शेवटच्या रुंद, म्हणजे ढवळणं पुढे पुढे मंदावत जातं.

आणि पंप किती आहेत? एकच पंप एकाच दराने चालत असेल तर बॅफल उत्तम. दोन पंप असतील आणि कधी एकच चालत असेल, तर प्रवाह निम्मा झाला की जी तिसऱ्या हिश्श्याच्याही आसपास येतो आणि फ्लॉक टाकीतच बसतो. गिअर मोटरला व्हीएफडी (मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं यंत्र) लावून वेग बदलता येतो, हा तिचा मोठा फायदा.

जुना_फिटर_वर्धा
एक विचारतो भाऊ. टाकीतून सेटलिंगमध्ये, म्हणजे गाळ बसायच्या टाकीत, पाणी जाते कसं?

नदीकाठचा_ऑपरेटर
सहा इंची पाइप आहे. शेवटी हातभर उंचीवरून खाली पडतं. टाकीत पुंजके दिसतात हो, बऱ्यापैकी मोठे. पुढे सेटलिंगला पाणी परत दुधट.

जुना_फिटर_वर्धा
मंग निम्मं दुखणं इथंच हाय. सहा इंचीतून ताशी ६० म्हणजे सेकंदाले जवळपास एक मीटर, त्यावर पडझड. टाकीत बनवायचं अन्‌ पाइपात फोडायचं, मिक्सर कोणताही लावा, फिल्टर चोक व्हणारच.

प्रयोगशाळावाली
हे मी आधी विचारायला हवं होतं. तिथला वेग ०.१५ ते ०.२५ मीटरमध्ये ठेवतात. मधल्या भिंतीत पाण्याखाली साधारण ३० बाय ३० सेंटीमीटरचं तोंड काढलं की ०.२ च्या खाली येतो. कोअर कटिंगने नको, दोन्हीकडून पाणी काढून नीट चौकट करून घ्या. मिक्सरच्या पैशांपेक्षा हा खर्च किरकोळ असेल.

सोबत तुरटीची योग्य मात्रा ठरवायला जार टेस्ट: सहा बीकर, मिनिटभर १०० फेरे, मग १५-२० मिनिटं २५-३० फेरे, मग अर्धा तास बसू द्यायचं. वेगवेगळ्या तुरटीच्या मात्रा टाकून बघा. जादा तुरटीने पीएच पडतो आणि पाण्यात अॅल्युमिनियम उरतं, ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर जायला नको. गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, पर्याय नसेल तिथे ५ पर्यंत चालतं.

पांढरकवड्याची_सई
विषय थोडा बाजूला जातो, पण आमच्याकडे फ्लोराइडसाठी चुना-तुरटी टाकतात, नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत. तिथेही संथ ढवळणं १० ते २० मिनिटं सांगतात आणि लोक बादलीत काठी दोन मिनिटं फिरवून मोकळे होतात. गाळही भरपूर निघतो, तो विहिरीकडे टाकू नका.

हॉस्टेल_एसटीपी
सांडपाण्यातही हीच गत. नायट्रोजन काढायच्या टाकीत गाळ तरंगता ठेवायचा असतो पण हवा आत जाऊ द्यायची नसते. तिथे हवा सोडणारा ब्लोअर लावला की काम बिघडतं, संथ बुडीत मिक्सर लागतो. आमच्याकडे तेवढंच बदललं, वास कमी झाला.

नदीकाठचा_ऑपरेटर
समितीपुढे असं मांडतो: आधी मधल्या भिंतीला तोंड, तोवर जार टेस्ट, आणि उंचीचा फरक लेव्हलने मोजून घेतो. आमच्याकडे एकच पंप चालतो, दुसरा स्टँडबाय. २५ सेंटीमीटर मिळाले तर पट्ट्यांचं कोटेशन मागवतो, नाही मिळाले तर गिअर मोटर. १४४० वाल्याला नकार कळवला. पट्ट्यांची जाडी किती घेता, ते कुणी वापरलं असेल तर सांगा.