मदत हवी आहे: सस्टेन पेडल कधी सरळ, कधी उलटं चालतंय. पीएसआर-आय५०० ला कोणतं घ्यावं?

मंद्रसप्तक

कीबोर्ड यामाहा पीएसआर-आय५००. बाजारातून बिनकंपनीचं चौकोनी सस्टेन पेडल (पायाने दाबलं की स्वर रेंगाळवणारं) आणलंय, पिन ६.३५ मिमीची. पाय वर असताना स्वर रेंगाळत राहतात आणि दाबलं की तुटतात. गंमत म्हणजे रोज असं होत नाही, कधीकधी व्यवस्थित चालतं. डाव्या हाताला स्प्लिट लावून (म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करून) वेगळा आवाज, स्ट्रिंग्ज, ठेवले की त्यांना मात्र सस्टेन लागतच नाही.

हेच पेडल भजनी मंडळातल्या कॅसिओला लावलं तर तिथे कायमच उलटं. दोन्हीकडे चालेल असं एखादं पेडल सुचवा. शिवाय स्ट्रिंग्जचा आवाज पायाने कमीजास्त करायचा आहे, त्यासाठी यामाहाचं एफसी७ हे एक्स्प्रेशन पेडल (आवाज हळूहळू कमीजास्त करणारं) घेतलं तर चालेल का?

तांब्याची तार

पैसे घालवायच्या आधी एक बघा: कीबोर्ड चालू करून मग पिन खोचता का? "कधी सरळ, कधी उलटं" याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सस्टेन पेडल म्हणजे आत एक साधं बटण. काहींत पाय वर असताना सर्किट जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं, ते नॉर्मली क्लोज्ड. यामाहाचं एफसी५ या जातीचं. काहींत याच्या उलट, म्हणजे नॉर्मली ओपन; कॅसिओचं एसपी-३ तसं. तुमचा यामाहा चालू होताना जॅककडे एकदा बघतो आणि त्या क्षणी जी स्थिती असेल तिलाच 'पाय वर' समजतो. जॅक रिकामा असला तर त्याला सर्किट तुटलेलं दिसतं. मग तुम्ही नॉर्मली क्लोज्ड पेडल खोचलंत की सर्किट जोडलं जातं आणि त्याला वाटतं, पाय पडला. चालू करताना पाय पेडलवर असला तरी असाच घोटाळा होतो.

म्हणून आधी बंद करा, पिन पूर्ण आत ढकला, पाय बाजूला घ्या, मग चालू करा.

पेडल कोणत्या जातीचं ते मल्टिमीटरवर कळेल. मीटर बीपवर ठेवा, एक टोक पिनच्या टोकाला, दुसरं काळ्या कड्याच्या मागच्या दांड्याला. न दाबता बीप वाजला तर नॉर्मली क्लोज्ड. दाबून सोडल्यावर स्थिती मूळपदावर आली पाहिजे. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, असं गिटार अँपचं फूटस्विच सस्टेनला निरुपयोगी.

स्प्लिटचं म्हणाल तर तो बिघाड नाही. या मालिकेत सस्टेन स्प्लिट व्हॉइसला लागू होतच नाही, कुठलंही पेडल आणा.

पायपेटी

एफसी७ घेऊ नका. त्यात बटण नसून ५० किलोओहमचा पॉट (आवाजाच्या गोल बटणासारखा, कमीजास्त होणारा रोध) असतो आणि त्याला एक्स्प्रेशनचा जॅक लागतो. आय५०० ला पेडलसाठी फक्त सस्टेनचा जॅक आहे, त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. त्याच कारणाने अर्धा दाबही ओळखू देणारं यामाहाचं एफसी३ए घेऊनही फायदा नाही.

उद्या एक्स्प्रेशनचा जॅक असलेला कीबोर्ड घेतलात तरी 'पिन बसते म्हणजे चालतं' असं समजू नका. एफसी७ मध्ये पॉटचा सरकता संपर्क पिनच्या दोन काळ्या कड्यांमधल्या धातूच्या कड्यावर येतो, तर रोलँडच्या ईव्ही-५ मध्ये तो टोकावर असतो आणि पॉट १० किलोओहमचा. अदलाबदल केली की सगळा फरक पेडलच्या शेवटच्या बोटभर हालचालीत उरकतो, किंवा काहीच होत नाही. एम-ऑडिओच्या ईएक्स-पी ला जोडणी बदलायचं बटण आहे, म्हणून ते दोन्हीकडे जमतं.

आत्ता आवाजच पायाने हवा असेल तर आउटपुट आणि मिक्सर यांच्यामध्ये व्हॉल्यूम पेडल घाला. ते कीबोर्डसाठीचं, कमी इम्पीडन्सचं (विद्युत अवरोधाचं) हवं: बॉसचं एफव्ही-५००एल चालेल, ते स्टिरिओ आहे. ५००एच मोनो, गिटारसाठीचं. अर्थात याने स्ट्रिंग्जबरोबर रिदमही खाली जाईल. फोन्स/आउटपुटमध्ये पिन गेली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, हेही धरून चाला. (सस्टेनची पिन चुकून त्या जॅकमध्ये घालून "स्पीकर गेले" म्हणून दुरुस्तीला नेणारे बरेच असतात.)

मंद्रसप्तक

मीटर लावला. न दाबता बीप, दाबल्यावर शांत. बंद करून, खोचून, चालू केल्यावर यामाहा पाचही वेळा बरोबर चालला. कॅसिओवर अजून उलटंच.

तांब्याची तार

म्हणजे नॉर्मली क्लोज्ड आहे आणि त्या कॅसिओला नॉर्मली ओपन हवंय. तळाचे स्क्रू काढून आत बघा. छोटा मायक्रोस्विच असेल तर त्याला तीन पाय असतात: कॉम (सामाईक), एनओ (नॉर्मली ओपन), एनसी (नॉर्मली क्लोज्ड). कॉमवरची तार तशीच राहू द्या. दुसरी ज्या पायावर आहे तिथून सोडवून रिकाम्या पायावर सोल्डरचा डाग मारा. छापलेल्या अक्षरांवर फार विसंबू नका, कारण काही पेडलांत स्प्रिंग तो स्विच आधीच दाबून ठेवते. झाकण लावण्याआधी बीप तपासा: आता दाबल्यावर वाजला पाहिजे.

मायक्रोस्विच नसून नुसत्या दोन पितळी पट्ट्या असतील तर हे जमणार नाही. मग एम-ऑडिओचं एसपी-२ घ्या, तळाशी जात बदलायचं बटण आहे. फक्त यामाहासाठीच घ्यायचं असतं तर एफसी५ पुरे. पियानोसारखी लांब पट्टी हवी असेल तर एफसी४ए.

मंद्रसप्तक

मायक्रोस्विच निघाला. तार हलवली, दोन्हीकडे सरळ चालतंय. शेवटचं विचारतो, तार दीड मीटरच आहे. जोड देऊन वाढवली तर चालेल?

पायपेटी

चालेल. बटणाच्या पेडलला साधी मोनो, एका काळ्या कड्याची गिटार केबल आणि फीमेल जोड पुरतो. एक्स्प्रेशनला मात्र दोन कड्यांचीच स्टिरिओ लागते, मोनो घातलीत तर मधलं कडं दांड्याला शॉर्ट होतं.

जोड स्टँडच्या पायाला टेपने बांधा, सतरंजीवर मोकळा सोडू नका. तार बदललीत ते या बाबतीतही बरंच झालं: पहिल्यासारखं असतं तर ऐन अभंगात पिन निसटल्यावर कीबोर्डला पाय पडला असंच वाटलं असतं आणि सगळे स्वर एकमेकांत कालवले गेले असते. आता निसटली तर फक्त सस्टेन जाईल.