पद्मिनीच्या छताचे अस्तर नव्याने बसवताना

प्रश्न (नौपाडा, ठाणे): वडिलांच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे काम मी घरीच करीत आहे. छताचे जुने अस्तर काढून त्याच मापाने शिवून घेतलेले नवे अस्तर दोनदा बसवले, तरी मागच्या काचेजवळ सुरकुत्या राहतातच. कापड चुकले की माझी पद्धत?

उत्तर (वाशी): आधी सळया तपासाव्यात. अस्तर ज्या पोलादी सळयांवर लोंबते, त्या प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. काढताना क्रमांक घातले नसतील तर मागची सळई पुढे जाते आणि कापड कितीही ताणले तरी झोळ येतो. मध्यरेषेवर खडूने खूण करून आधी पुढचा व मागचा काठ ताणावा, चिमट्यांनी धरावा, आणि मगच मधून कोपऱ्यांकडे सरकत बाजू चिकटवाव्यात. चिमटे लावल्यावर मी एक रात्र थांबतो, कारण नेमक्या याच टप्प्यावर घाई झाली की चांगले कापडही वाया जाते.

उत्तर (कळवा): शक्यतो पावसाळ्यात हे काम करू नये. गोंदातील द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतील पाणी त्यावर साचते आणि पकड सुटते. गोंद पत्रा व कापड दोन्हींना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दाबावा.

प्रश्नकर्ता: क्रमांक घातलेच नव्हते. आज सळया फरशीवर शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या; मागच्या दोन सळयांची अदलाबदल झाली होती. आपणा दोघांचे मनापासून आभार. चिकटवण्याचे काम आता दिवाळीनंतरच करीन.