मदत हवी आहे: आईच्या पार्शल नी रिप्लेसमेंटला (गुडघ्याचा फक्त झिजलेला भाग बदलण्याच्या ऑपरेशनला) १९ दिवस झाले, पाय अजून पूर्ण सरळ होत नाही

आईचं वय ६४. डाव्या गुडघ्याची फक्त आतल्या बाजूची गादी झिजली होती. बाहेरची बाजू आणि वाटीमागचा भाग चांगला, दोन्ही क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आत हाडं जोडून ठेवणारे पट्टे) शाबूत, म्हणून डॉक्टरांनी तेवढाच भाग बदलला. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून चालली, तिसऱ्या दिवशी घरी आलो. सगळ्यांना वाटलं, ऑपरेशन अर्धं म्हणजे त्रासही अर्धाच. तसं झालं नाही.

गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो, त्याची काळजी नाही. पण पाय ताणून ठेवला तरी गुडघ्याखालून माझा हात सहज सरकतो. फिजिओथेरपिस्टनी मोजलं, ८ अंश कमी भरले. पहिला आठवडा ती गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची आणि ती उशी मीच लावून द्यायचे. त्याने गुडघा वाकलेलाच आखडतो हे नंतर कळलं, फार वाईट वाटलं. आता टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दिवसातून चार-पाचदा दहा मिनिटं पाय सैल सोडतो, मांडी आवळायचा व्यायामही चालू आहे.

शिवाय सांध्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने बोट लागलं की ती कळवळते. टाके निघाले, जखम कोरडी आहे, ताप नाही, पोटरी मऊ आहे. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, पण ते त्वचेच्या बारीक नसेमुळे असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ज्यांचं पार्शलच झालंय त्यांनी कृपया सांगा: पाय सरळ व्हायला किती आठवडे लागले? रात्रीची झोप कधी लागायला लागली?

प्रतिसाद:
ताई, माझ्या पार्शलला १४ महिने झाले. पाय सरळ व्हायला सहा आठवडे लागले. नडगीवरचं दुखणं मात्र पाच महिने होतं, हळूहळू गेलं. नव्या भागातून येणारा भार हाडाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं माझे सर्जन म्हणाले होते. रात्रीची झोप दुसऱ्या महिन्यात सुधारली. सूज असेल तर गुडघा ताणायला दाद देत नाही, म्हणून व्यायामानंतर कपड्यात गुंडाळून बर्फ लावा आणि पाय उंच ठेवा, आधार टाचेखालीच. पोटरी एकदम सुजली, जखमेतून पाणी आलं, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत न्या. ते ८ अंश आठवड्यापूर्वी किती होते, मोजलं होतं का?